एका मिलीत वीस मिनिटे: इपोप्रोस्टेनॉल चालू असलेली रुग्ण तापाने इमर्जन्सीत येते तेव्हा

हे प्रकरण अभ्यासासाठी रचलेले आहे. रुग्ण कुणी एक व्यक्ती नाही. हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे मुद्दाम सुटसुटीत घेतले आहेत, पण यात जे जे घडते ते इपोप्रोस्टेनॉल या फुप्फुसांच्या धमन्या उघड्या ठेवणाऱ्या औषधावरच्या रुग्णांच्या बाबतीत घडणारेच आहे. डोस बदलण्याचा कोणताही निर्णय रुग्णाच्या पल्मनरी हायपरटेन्शन (फुप्फुसांच्या धमन्यांतला वाढलेला दाब) तज्ज्ञांशी बोलूनच घ्यायचा असतो. तज्ज्ञ फोनवर येईपर्यंत वॉर्डात काय करायचे आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, त्याबद्दल हे लेखन आहे.

रुग्ण

वय 34, स्त्री. रात्री साडेअकरा वाजता थंडी वाजून ताप, 38.9 अंश सेल्सियस. नाडी 118, रक्तदाब 92/56, दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन 91 टक्के. निदान तीन वर्षांपूर्वीचे: इडिओपॅथिक पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन. फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आतून जाड होऊन अरुंद होतात, त्यांच्यातला दाब चढत जातो आणि हृदयाचा उजवा कप्पा त्या दाबाविरुद्ध ढकलून ढकलून थकतो, असा हा आजार. गोळ्यांनी भागेना म्हणून इपोप्रोस्टेनॉल शिरेतून सुरू केलेले. छातीच्या उजव्या बाजूला कातडीखालून बोगदा करून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घातलेली एकाच पोकळीची हिकमन लाइन, तिला पातळ नळी आणि त्या नळीच्या टोकाला कमरेच्या पट्ट्यात एक छोटा पंप. पंपाखाली औषधाची 100 मिलीची कॅसेट. हा पंप सुरू झाल्यापासून कधीही बंद राहिलेला नाही. झोपताना, आंघोळीला, प्रवासात, कायम चालूच.

सोबत आलेल्या नवऱ्याच्या हातात दोन पिशव्या. एकीत दुसरा पंप, तयार कॅसेट, बॅटऱ्या. दुसरीत औषधाच्या व्हायल (कुप्या) आणि डायल्युएंट, म्हणजे औषध विरघळवायचे द्रावण. पाकिटात एक कार्ड, त्यावर लिहिलेले:

डोस 30 नॅनोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. डोसिंग वजन 50 किलो. कॅसेटमध्ये 3 मिलिग्रॅम औषध, एकूण 100 मिली. पंपाचा वेग 72 मिली प्रति 24 तास.

आधी हिशेब

या औषधाचे नियम पाठ करून फारसा उपयोग होत नाही. रात्री दोन वाजता, घाईत, पाठ केलेले विसरते. दोन आकडे नीट समजले की नियम आपोआप निघतात, म्हणून आधी तेच.

पहिला आकडा औषधाच्या आयुष्याचा. इपोप्रोस्टेनॉलचे रक्तातले अर्धायुष्य, म्हणजे निम्मे औषध संपायला लागणारा वेळ, सहा मिनिटांहून कमी आहे. पुरवठा थांबला की काही मिनिटांत असर उतरू लागतो. तोवर औषधाने उघड्या ठेवलेल्या धमन्या पुन्हा आवळतात, दाब आधीपेक्षाही वर उसळू शकतो, आणि थकलेला उजवा कप्पा तो पेलू शकत नाही. दम, घेरी, बेशुद्धी, आणि उशीर झाला तर मृत्यू.

दुसरा आकडा वेगाचा. 50 किलोला 30 नॅनोग्रॅम म्हणजे मिनिटाला 1,500 नॅनोग्रॅम, तासाला 90,000. कॅसेटमध्ये 3 मिलिग्रॅम, म्हणजे 30 लाख नॅनोग्रॅम, 100 मिलीत. म्हणून एका मिलीत 30,000. 90,000 भागिले 30,000, तासाला 3 मिली. 24 तासांना 72 मिली. कार्डावरचा आकडा जुळला. उरलेले 28 मिली ही उशिरासाठी ठेवलेली शिल्लक.

तासाला 3 मिली म्हणजे मिनिटाला 0.05 मिली. साध्या सलाईनच्या एका थेंबाएवढे औषध एका मिनिटात जाते. आता हिकमन लाइनच्या पोकळीत साधारण 1 मिली मावते असे धरा. त्या एका मिलीत वीस मिनिटांचे औषध बसलेले आहे.

इथे जरा थांबावे. कुणी ती लाइन सलाईनने फ्लश केली, म्हणजे सिरिंजने दाबून धुतली, तर वीस मिनिटांचे औषध दोन सेकंदांत हृदयात जाते. रक्तदाब कोसळतो, चेहरा लालबुंद होतो, उलटी, शुद्ध हरपणे, हृदय थांबणे, काहीही होऊ शकते. आणि फ्लशनंतर लाइनमध्ये सलाईन भरलेले असते, ते पंप तासाला 3 मिलीच्या वेगाने पुढे सरकवत राहतो, म्हणजे पुढची वीस मिनिटे रुग्णाला औषध मिळतच नाही. आधी प्रचंड जास्त, मग काहीच नाही. एकाच चुकीतून दोन्ही धोके.

पहिला तास

ताप, थंडी, छातीत लाइन. लाइनमधून जंतू रक्तात गेले असावेत ही शंका बरोबरच होती. अशा रुग्णाचे ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) एरवी लाइनमधूनही घेतात आणि हातातूनही, म्हणजे तुलना होते. ड्युटीवरच्या सिस्टरनी दहा मिलीची सिरिंज सलाईनने भरून लाइनच्या तोंडाकडे हात नेला तेव्हा नवऱ्याने मध्ये हात घातला.

“सिस्टर, या नळीतून रक्त नका काढू. फ्लश तर अजिबात नको. हे चालू औषध आहे, थांबलं की हिला लगेच त्रास होतो.”

सिस्टर थांबल्या, कार्ड वाचले आणि डॉक्टरांना बोलावले. नातेवाईक मध्ये पडतात याचा कुणाला राग येऊ शकतो. या आजारात मात्र त्यांना प्रशिक्षण दिलेले असते आणि लाइनबद्दल ते सांगतात ते ऐकूनच पुढे जावे. त्या रात्री त्या खोलीत या पंपाची सर्वांत जास्त माहिती त्या माणसाला होती.

कल्चरच्या दोन जोड्या दोन्ही हातांच्या शिरांतून घेतल्या. पंप चालू असताना लाइनमधून कल्चर घेता येत नाही, हे एकदा मान्य केले की वेळ जात नाही. मग हातांच्या शिरांत दोन कॅन्युला (छोट्या नळ्या) टाकल्या. डाव्या हातातली अँटिबायोटिक आणि बाकी औषधांसाठी. उजव्या हातातली, मनगट आणि कोपर सोडून त्यांच्यामधल्या सरळ शिरेतली, फक्त राखीव. तिच्यावर लाल पट्टी चिकटवून लिहिले: “इपोप्रोस्टेनॉलसाठी राखीव. दुसरे काही देऊ नये.” मुख्य लाइन निखळली, फुटली किंवा बंद पडली तर नळी इथे जोडायची. कॅन्युला शोधण्यात, शीर न मिळण्यात वीस मिनिटे सहज जातात, आणि तेवढा वेळ या रुग्णाकडे नसतो. म्हणून इपोप्रोस्टेनॉलचा रुग्ण दारातून आत येताच राखीव कॅन्युला पडलीच पाहिजे, कारण काहीही असो.

त्यानंतर दोन चुका होता होता राहिल्या.

पहिली पंपाच्या आकड्याची. भरतीच्या कागदावर “72 मिली” एवढेच लिहिले गेले. रुग्णाच्या पंपाच्या पडद्यावरचा आकडा 24 तासांचा होता. वॉर्डातले पंप मिली प्रति तास दाखवतात. पुढच्या शिफ्टमध्ये कुणी हॉस्पिटलचा पंप लावून त्यात 72 भरले असते तर रुग्णाला 24 पट औषध गेले असते, मिनिटाला किलोमागे 720 नॅनोग्रॅम, आणि उरलेली कॅसेट तासाभरात संपली असती. फार्मासिस्टने कागद परत पाठवला तो याचसाठी. सुधारलेल्या नोंदीत हे सगळे आले: औषधाचे ब्रँडसह नाव आणि डायल्युएंट, किलोमागे मिनिटाचा डोस, डोसिंग वजन, एका मिलीतले नॅनोग्रॅम, वेग दोन्ही प्रकारे, म्हणजे 3.0 मिली प्रति तास बरोबर 72 मिली प्रति 24 तास, आणि पुढची कॅसेट कधी बदलायची. दोन जणांनी हा हिशेब वेगवेगळ्या कागदांवर केला आणि मग उत्तरे ताडली. एकाने केलेल्या हिशेबावर दुसऱ्याने नुसती नजर फिरवली तर चूक दोघांच्याही डोळ्यांखालून जाते.

दुसरी वजनाची. भरतीच्या वजनकाट्यावर 56 किलो आले. संगणकातल्या ऑर्डरने नव्या वजनावर वेग काढला: 3.36 मिली प्रति तास. म्हणजे कुणी ठरवलेले नसताना डोस 12 टक्क्यांनी वर. डोसिंग वजन हे औषध सुरू करताना धरलेले वजन असते आणि ते मुद्दाम तसेच ठेवतात, कारण डोस वाढवण्याचा निर्णय लक्षणे आणि तपासण्या पाहून घ्यायचा असतो. पायाला सूज येऊन सहा किलो वाढले तर औषध वाढवायचे नसते, उजवे हृदय का दमले ते शोधायचे असते.

रक्तदाब कमी आणि औषध रक्तवाहिन्या उघडणारे

92/56 रक्तदाब, ताप, आणि शिरेतून रक्तवाहिन्या सैल करणारे औषध चालू. ते थांबवावे असे कुणालाही वाटेल, आणि तेच करायचे नाही. इपोप्रोस्टेनॉल थांबले की फुप्फुसांतला दाब उसळतो, उजवा कप्पा डाव्या बाजूला रक्त पोहोचवू शकत नाही आणि रक्तदाब आणखी घसरतो. तज्ज्ञांनी फोनवर सांगितले की वेग तसाच ठेवा आणि गरज पडली तर रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनालिन लावा, डाव्या हाताच्या चांगल्या कॅन्युलातून. व्हॅसोप्रेसिन हा दुसरा पर्याय.

सलाईनचेही तसेच. सेप्सिसमध्ये (संसर्ग शरीरभर भिनतो तेव्हा) किलोमागे 30 मिली द्रव भराभर देण्याची सवय असते. या रुग्णाचा उजवा कप्पा आधीच फुगलेला आहे, आणखी भरला की तो मधली भिंत डावीकडे ढकलतो आणि डाव्या कप्प्यात रक्त मावत नाही. म्हणून एका वेळी 250 मिली, मग रक्तदाब, नाडी आणि शक्य तिथे इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून पुढचे ठरवायचे. इथे एका 250 मिलीनंतर थांबून नॉरअॅड्रेनालिन कमी डोसवर सुरू केले. सकाळपर्यंत रक्तदाब 108/64.

सीटी स्कॅन पुढे ढकलला. लक्षणे जंतुसंसर्गाकडे स्पष्ट बोट दाखवत होती आणि रुग्णाला हलवताना नळी अडकण्याचा धोका विनाकारण होता. न्यावेच लागले तर राखीव पंप आणि तयार कॅसेट रुग्णाबरोबर जाते, खोलीतल्या कपाटात राहत नाही. आणि एमआरआयच्या खोलीत हे पंप नेता येत नाहीत, ते आधीच विचारून ठरवावे.

कल्चर लागले

चौदा तासांनी प्रयोगशाळेचा फोन: दोन्ही जोड्यांत स्टॅफिलोकोकस. दुसऱ्या दिवशी स्टॅफिलोकोकस ऑरियस पक्का झाला. या जंतूसाठी कातडीखालची लाइन ठेवत नाहीत, काढतात. काही सौम्य जंतूंच्या बाबतीत लाइनच्या पोकळीत अँटिबायोटिक भरून काही तास बंद ठेवतात आणि लाइन वाचवतात. इथे तो मार्गच नाही, कारण लाइनला एकच पोकळी आणि तिच्यातून औषध क्षणभरही थांबवता येत नाही.

ट्रेप्रोस्टिनिल हे याच जातीचे दुसरे औषध शिरेतून घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. ते साध्या सलाईनमध्ये किंवा पाण्यात पातळ केले की द्रावण इपोप्रोस्टेनॉलसारखे तीव्र अल्कधर्मी राहत नाही, आणि ग्रॅम-निगेटिव्ह या गटातल्या जंतूंचा संसर्ग त्यात जास्त आढळला आहे. म्हणून पहिले अँटिबायोटिक निवडताना ग्रॅम-निगेटिव्ह जंतू सुटू नयेत. दुसरा फरक दिलासा देणारा: त्याचे अर्धायुष्य सुमारे चार तास आहे, म्हणून खंड पडला तर थोडा वेळ हाताशी असतो. खंड पडू द्यायचा नाही हे मात्र दोन्हीकडे सारखेच.

लाइनवरून हातावर

सर्वांत नाजूक काम हेच, म्हणून सविस्तर.

वेळ दिवसाची निवडली, दुपारी तीन. मॉनिटर लावलेला, डॉक्टर खोलीत, दोन सिस्टर, आणि कामाच्या वेळी कुणाला फोन नाही. राखीव कॅन्युला चालते की नाही हे आधी 5 मिली सलाईनने पाहिले. त्यावेळी तिच्यात औषध नव्हते म्हणून फ्लश चालतो. एकदा औषध जोडले की तिलाही फ्लश बंद.

राखीव पंपावर नवी कॅसेट आणि नवी नळी चढवली. नळी रुग्णापासून दूर धरून औषधाने पूर्ण भरली, टोकाला थेंब दिसेपर्यंत. रुग्णाला जोडलेल्या नळीवर प्राइम (नळी औषधाने भरण्याचे) बटण कधीही दाबायचे नाही, औषध थेट शिरेत एकदम (बोलस) जाते. वेग भरला, दोघींनी वाचून दाखवला. नळी सरळ कॅन्युलाला जोडली, मध्ये लांब एक्स्टेन्शन किंवा तीन तोंडी स्टॉपकॉक घातला नाही. कारण पुन्हा तोच हिशेब: कॅन्युलाच्या पोकळीत जेमतेम 0.1 ते 0.2 मिली सलाईन असते, म्हणजे दोन ते चार मिनिटांचा रिकामा वेळ. एक मिलीचे एक्स्टेन्शन सलाईनने भरून लावले तर त्यात वीस मिनिटांची भर पडते.

नवा पंप सुरू झाला, घड्याळ लावले. जुना पंप तसाच चालू. चार मिनिटांनी जुना पंप बंद करून हिकमन लाइन क्लॅम्प केली. मध्ये मिनिट-दोन मिनिटे दोन्हीकडून औषध गेले असेल. तेवढे रुग्णाला थोडी उष्णता देऊन जाते, खंड मात्र पडत नाही.

क्लॅम्प केलेल्या लाइनमध्ये अजूनही वीस मिनिटांचे औषध बसलेले असते. ती काढेपर्यंत तिच्यावर “आत औषध आहे, फ्लश नको” असे लिहून ठेवले. ती वापरायची वेळ आलीच असती तर आधी सिरिंजने मागे ओढून रक्त येईपर्यंतचे सगळे फेकून द्यायचे, मगच पुढे.

हॉस्पिटलचा सिरिंज पंप का नाही लावला, असा प्रश्न आला. 50 मिलीची सिरिंज या वेगाने सोळा तास पुरते, मग बदलावी लागते. नवी सिरिंज चढवल्यावर यंत्राचे दट्ट्याशी नीट टेकणे होईपर्यंत इतक्या हळू वेगात काही मिनिटे काहीच पुढे जात नाही. लावावाच लागला तर दुसरा पंप भरून, चालता करून, मगच अदलाबदल करावी.

आणखी एक सूचना आली, ती विचार करण्याजोगी होती: औषध पातळ करून वेग वाढवावा. एका मिलीत 10,000 नॅनोग्रॅम केले तर वेग 9 मिली प्रति तास होतो आणि एका मिलीत वीसऐवजी सहा मिनिटे चाळीस सेकंदांचे औषध बसते. नळीतल्या चुका तेवढ्या सौम्य होतात. पण कॅसेट अकरा तासांत संपते, आणि मुख्य म्हणजे कार्ड, पंप, ऑर्डर, घरून आलेली तयार कॅसेट, सगळीकडे आकडे बदलावे लागतात. संसर्गाने आजारी रुग्णात, रात्र तोंडावर असताना, तो बदल न करणेच योग्य ठरले.

पहाटे तीन वाजून दहा मिनिटे

खरी चूक इथे घडली. रुग्णाने बेल वाजवली. “श्वास जड झालाय. आणि तोंडावरची ती गरमी असते ना, ती गेलीय.”

पंपावर हिरवा दिवा, पडद्यावर चालू असल्याची खूण, अलार्म नाही. सॅच्युरेशन 92 वरून 86, नाडी 104 वरून 128. सिस्टरनी हात पांघरुणातून बाहेर काढला तर कॅन्युलाच्या वर कातडी ताणलेली, लालसर, दाबल्यावर दुखणारी. कॅन्युला शिरेबाहेर सरकली होती आणि औषध कातडीखाली जमत होते.

पंपाने अलार्म का दिला नाही? पंपाला फक्त नळीतला दाब कळतो. मांसात तासाला 3 मिली ढकलायला विशेष जोर लागत नाही. नळी पूर्ण बंद झाली असती तरी इतक्या हळू वेगात दाब अलार्मच्या पातळीपर्यंत चढायला बराच वेळ गेला असता. म्हणून “पंप चालू आहे” या वाक्याने रुग्णाला औषध पोहोचते आहे हे सिद्ध होत नाही. ते रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि हातावर पाहायचे. या औषधावरच्या बहुतेकांना चेहरा लाल होणे, डोके दुखणे, पहिल्या घासाला जबड्यात कळ, जुलाब असे काही ना काही त्रास असतात, आणि ते ओळखीचे असतात. असा त्रास अचानक नाहीसा झाला की ती धोक्याची खूण आहे. अचानक वाढला तर औषध जास्त जाते आहे का, ते पाहायचे.

दुपारी दुसरी राखीव कॅन्युला डाव्या हाताला टाकून ठेवली होती, म्हणून वाचले. नळी उजवीकडून काढली, टोकाला थेंब दिसतो का पाहिले, डावीकडे जोडली. बेल वाजल्यापासून औषध पुन्हा सुरू होईपर्यंत सहा मिनिटे. बुडालेले औषध भरून काढण्यासाठी वेग वाढवला नाही, जादा काही दिले नाही. खंड थोडक्याच वेळाचा असल्याने त्याच 3.0 वर सुरू केले. खंड लांबला असता, किंवा किती लांबला हे कळत नसते, तर आधी तज्ज्ञांना विचारून डोस ठरवला असता, कारण तेवढ्या वेळात सवय मोडलेल्या शरीराला पूर्ण डोस एकदम झेपेलच असे नाही. पंधरा मिनिटांत सॅच्युरेशन 91 वर आले आणि चेहऱ्यावर पुन्हा लाली आली. सरकलेली कॅन्युला फ्लश न करता काढून टाकली. औषधाचा पीएच 10 च्या वर असतो, त्यामुळे कातडी जळू शकते, म्हणून त्या जागेवर चोवीस तास लक्ष ठेवले.

दर तासाला कॅन्युला पाहण्याचा नियम वॉर्डात होता. एक ते तीन या वेळात नोंदी पंपाचा पडदा पाहून झाल्या होत्या, हात पांघरुणाखालीच राहिला होता. सिस्टरना दोष देऊन हे सुधारत नाही. नोंदीच्या तक्त्यात “पंप चालू” असा रकाना होता, “जागा पाहिली आणि बोटाने दाबली” असा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी घातला. हात उघडा, पारदर्शक ड्रेसिंग, रात्री छोटा दिवा, आणि तिसरी कॅन्युला. पुढचे तीन दिवस कॅन्युला रोज एकदा तरी बदलावी लागली, शिरा औषधाने चिडत होत्या.

संसर्ग आला कुठून

ताप उतरल्यावर तिला कॅसेट तयार करून दाखवायला सांगितले, मध्ये एकही शब्द न बोलता. विचारले तर सगळे बरोबर सांगतात, हात काय करतात ते पाहावे लागते.

मिसळणे चोख होते. हात धुणे, ओटा पुसणे, 1.5 मिलिग्रॅमच्या दोन व्हायल, प्रत्येकीत 5 मिली डायल्युएंट, हलक्या हाताने फिरवून विरघळवणे. जोरात हलवले की फेस येतो आणि बुडबुडे कॅसेटमध्ये जातात. दोन्ही व्हायलमधले सगळे औषध कॅसेटमध्ये, मग 100 मिली होईपर्यंत डायल्युएंट, हवा काढणे, तारीख-वेळ लिहिणे. रिकाम्या व्हायल दोन आहेत ना, हे ती शेवटी मोजते, ही सवय फार चांगली. एकच व्हायल पडली तर डोस अर्धा होतो आणि पंपाला त्याचा पत्ता लागत नाही. ज्या ब्रँडसोबत जे डायल्युएंट दिले असेल तेच वापरायचे. काही ब्रँडना स्वतःचे डायल्युएंट लागते, काहींना साधे सलाईन किंवा निर्जंतुक पाणी चालते, आणि तयार औषध किती तास टिकते तेही त्यावर ठरते.

गडबड ड्रेसिंगमध्ये निघाली. पारदर्शक फिल्मखाली खाज सुटायची म्हणून दोन महिन्यांपासून ती साधे गॉज लावत होती, आणि खाज आली की रोज उघडून पुसत होती. स्टॅफिलोकोकस ऑरियस कातडीवरच राहतो, त्याला रोज दार उघडे मिळत होते. खाजेचे कारण बहुधा फिल्म नव्हते. क्लोरहेक्झिडिन हे अल्कोहोलमधले जंतुनाशक लावल्यावर ते पूर्ण सुकायच्या आत ती फिल्म चिकटवत होती, ओले अल्कोहोल कातडीला जाळत होते. सुकेपर्यंत थांबून लावली, वेगळ्या प्रकारची फिल्म दिली, आठवडाभरात खाज नाही. पारदर्शक फिल्म सात दिवसांनी, गॉज दोन दिवसांनी, आणि दोन्हीही ओली, सैल किंवा मळकी झाली की लगेच बदलायची. नळी जोडायच्या जागी बंद हब लावला आणि तो दर वेळी अल्कोहोलने पंधरा सेकंद चोळायचा हे पुन्हा करून घेतले. आंघोळीच्या वेळी जोड पाण्यापासून झाकायचा, ओला हब उघडायचा नाही.

नवी लाइन

सलग 72 तास कल्चर स्वच्छ राहिल्यावर दुसऱ्या बाजूला नवी हिकमन लाइन घातली. हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेले नाहीत हे इकोने पाहिले. उरलेले अँटिबायोटिक हातातल्या मिडलाइनमधून (दंडाच्या शिरेतली लांब कॅन्युला), कारण नवी लाइन फक्त इपोप्रोस्टेनॉलची.

लाइन घालणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगितले होते की लांबी कापल्यावर आतली पोकळी किती मिलीची राहिली ते मोजून लिहा. 0.9 मिली भरली. तासाला 3 मिलीने औषध टोकापर्यंत पोहोचायला 18 मिनिटे. म्हणून नव्या लाइनला पंप लावून सुरू केला, हातावरचा पंपही चालू ठेवला, आणि बरोबर अठरा मिनिटांनी हातावरचा बंद केला. पंधराव्या मिनिटाला घाई करून बंद केला असता तर तीन मिनिटे रुग्णाला नुसते सलाईन मिळाले असते.

नव्या कार्डावर जुन्या सगळ्या आकड्यांखाली एक ओळ वाढली: “लाइनची पोकळी 0.9 मिली, 3 मिली प्रति तासाला 18 मिनिटे.” मिनिटांचा आकडा पेन्सिलने लिहिला आहे. डोस 40 वर गेला तर वेग 4 होईल आणि तिथे साडेतेरा लिहावे लागेल.